गाठ हाताला लागल्यानंतरचे महिने

मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी विचारलं आहे: ‘आम्ही शिबिरं घेतो, आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात, पत्रकं वाटतो. तरी स्तनाच्या कर्करोगाच्या बाया गाठ फुटून जखम झाल्यावरच येतात. वरिष्ठ म्हणतात, बायका अडाणी आहेत, लाजतात. एवढंच कारण आहे का? आणि आम्ही नेमकं काय करायचं?’

एवढंच कारण नाही. माझ्या अनुभवात ते पहिलं कारणही नाही. मी सर्जन आहे. सुरुवातीची वर्षं मुंबईच्या वस्त्यांमधून येणाऱ्या बायका तपासण्यात गेली, पुढची मराठवाड्यात. उशिरा आलेल्या बाईला मी दोन गोष्टी विचारते: गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली, आणि त्यानंतर कोणाकोणाला दाखवली? दुसऱ्या प्रश्नाला ‘कुणालाच नाही’ असं उत्तर क्वचित येतं. जावेला सांगितलेलं असतं. गावातल्या डॉक्टरला दाखवलेलं असतं. कुणी मलम दिलेलं असतं. कुणी सोनोग्राफी लिहून दिलेली असते आणि तो कागद चार घड्या घालून पिशवीत तसाच असतो. बाई बोललेली असते. ती बोलल्यापासून बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) होईपर्यंत तिला पुढे नेणारं कुणी नसतं. माझं उत्तर मुख्यतः या मधल्या महिन्यांबद्दल आहे.

ग्लोबोकॅन या जगभरच्या कर्करोग-आकडेवारीच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू होतात. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण भारतात ६६ टक्क्यांच्या आसपास होतं, अमेरिकेत ९० टक्के. फरकाचा काही भाग उपचारांचा आहे, पण फार मोठा भाग रुग्ण कोणत्या टप्प्यावर पोचते याचा आहे. दोन सेंटिमीटरची गाठ आणि काखेत न पसरलेला आजार असेल तर आपल्या जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या शस्त्रक्रियेनेही बाई बरी होते, बऱ्याचदा स्तन वाचवून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या स्त्रियांची कर्करोगासाठी स्तनतपासणी एकदा तरी झाली होती, त्यांचं प्रमाण देशभरात ०.९ टक्के निघालं. तपासणारा हातच जिथे पोचलेला नाही, तिथे बाईच्या लाजेला आधी दोष देणं मला मान्य नाही.

तरी घरातल्या उशिराबद्दल बोलायलाच हवं. गाठ दुखत नाही, हे सगळ्यात मोठं कारण. आपल्या बाया दुखणं अंगावर काढतात, मग जे दुखतच नाही त्यासाठी कोण रोज बुडवणार? कंबर दुखते म्हणून आलेली बाई तपासताना गाठ सापडते आणि ती म्हणते, ‘ती व्हय? ती लई दिवसांची हाय, काय तरास नाही तिचा.’ त्रास नाही म्हणजे आजार नाही, असा हिशोब. म्हणून पत्रकावर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य छापायचं असेल तर मी ‘न दुखणारी गाठ आधी दाखवा’ हे छापेन.

आता तुमच्या फॉर्मबद्दल. आशाताई घरोघर भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये तीस वर्षांवरच्या बाईला विचारायचं असतं: स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का. प्रश्न बरोबर आहेत. ते विचारले कुठे जातात ते बघा. संध्याकाळची वेळ, घराचा ओटा. सासू शेजारी तांदूळ निवडत बसलेली, दीर मोटारसायकल पुसतोय, दोन पोरं आशाताईंच्या पिशवीत डोकावतायत. आशाताई बीपी, साखर, तंबाखू विचारत विचारत त्याच सुरात ‘छातीत गाठबीठ?’ असं विचारतात आणि बाई मान हलवायच्या आत ‘नाही’वर खूण होते. आशाताईंचाही दोष नाही, त्यांना दिवसात कितीतरी फॉर्म भरायचे असतात आणि दर फॉर्ममागे मिळणारं मानधन तुम्हाला माहीत आहे. पण त्या ओट्यावर कुठलीच बाई ‘हो’ म्हणणार नाही. हाच प्रश्न बीपी मोजायच्या निमित्ताने आतल्या खोलीत नेऊन, दार लोटून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून ‘इथे हाताला कधी काही टणक लागलंय का, आंघोळ करताना?’ असा विचारला की उत्तर बदलतं. कुणी थेट पदर बाजूला करून हात धरून दाखवते. फॉर्म तोच, जागा बदलली.

भीतीचं म्हणाल तर बायका मरणाला भितात त्यापेक्षा जास्त निदानानंतर घरात काय होईल याला भितात. नवरा दुसरी करेल का, मुलीच्या स्थळाला अडचण येईल का, शेत गहाण पडेल का. ‘पोरीचं लगीन होऊ द्या, मग बघू’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की त्यावर रागावणं मी सोडून दिलंय. त्या आईच्या बाजूने तो विचार बरोबरच आहे, तिला फक्त एक माहिती मिळालेली नसते: आजार लवकर सापडला तर उपचार लहान होतो, खर्च कमी होतो आणि लग्नाच्या मांडवात ती उभी असते. हे तिला एकटीला सांगून भागत नाही. घरात ज्याच्या हातात पैसा आहे त्याला बोलावून सांगा. माझा अनुभव असा की नवऱ्यांना समोर बसवून, गाठ केवढी आहे ते बोटांनी दाखवून, आता काय करता येईल आणि सहा महिन्यांनी काय उरेल हे साध्या शब्दांत सांगितलं तर बहुतेक नवरे पुढच्या आठवड्यात गाडी करून आणतात. नवऱ्यांशी कुणी बोलतच नाही.

‘सुई लावली की पसरतो’ हा समज सगळीकडे भेटतो. त्याच्यामागे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला क्रम आहे. शेजारणीच्या गाठीला सुई लावली, रिपोर्ट वाईट आला, पुढे पैसे जमवण्यात चार महिने गेले, गाठ वाढली, ती गेली. लोकांच्या लक्षात सुई राहिली, ते चार महिने राहिले नाहीत. म्हणून नुसतं ‘असं काही नसतं’ म्हणून उपयोग नाही. बायोप्सीच्या दिवशीच पुढची तारीख हातात द्यावी लागते. बायोप्सी झालेल्या बाईचा उपचार गावाने वेळेवर सुरू झालेला पाहिला की तो समज आपोआप सैल होतो.

बाई बोलते तेव्हा तिचं पुढे काय होतं, आता ते बघू. अंगावर पाजणारी आई असेल तर ‘दुधाची गाठ’ ठरते. शेक, लेप, अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा, मग तिसरा. दुधाची गाठ, गळू या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्याच जास्त आढळतात, पण त्या एका कोर्समध्ये उतरायला हव्यात. दोन आठवड्यांत न उतरलेली गाठ दूध पाजणाऱ्या बाईचीसुद्धा सोनोग्राफीला गेलीच पाहिजे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर होणारा स्तनाचा कर्करोग विरळा असला तरी तो असतो, आणि नेमका तोच सगळ्यात उशिरा सापडतो, कारण प्रत्येक जण दुधावर ढकलतो.

दुसरा प्रकार याहून वाईट. लहान दवाखान्यात भूल देऊन गाठ काढून टाकली जाते. बाईला सांगतात, ‘काढली, आता काळजी नको.’ काढलेली गाठ तपासणीला जातच नाही. किंवा फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या गाठीची बाटली नातेवाइकाच्या हातात देतात, शहरातल्या लॅबमध्ये नेऊन द्या म्हणतात. लॅबचे पैसे वेगळे. कधी ती बाटली घरच्या फळीवर पडून राहते, कधी लॅबमध्ये पोचते आणि रिपोर्ट आणायला कुणी जात नाही. वर्षाने त्याच टाक्याखाली पुन्हा गाठ येते, काखेत वेगळी. मग बाई माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणते की तिचं ऑपरेशन झालेलं आहे. हे मला आजही सहन होत नाही. ताई, तुमच्या हद्दीतल्या प्रत्येक डॉक्टरला, कुठल्याही पॅथीचा असो, भेटून एवढं सांगा: स्तनाची गाठ बायोप्सीशिवाय कापू नका, आणि शरीरातून काढलेला कुठलाही तुकडा रिपोर्टशिवाय सोडू नका. बायांनाही सांगा की ऑपरेशन झालं असेल तर कागद मागा.

त्यानंतर तपासण्यांचा फेरा. बाई ग्रामीण रुग्णालयात येते, तिथून जिल्हा रुग्णालय. सर्जनचा वार वेगळा, सोनोग्राफीची तारीख वेगळी, मॅमोग्राफीचं यंत्र असलंच तर दुसऱ्या शहरात, बायोप्सीचा दिवस आणखी पुढचा, रिपोर्ट आठवड्याने, आणि कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या हार्मोन रिसेप्टर व हर-टू या चाचण्यांचं कळायला अजून काही दिवस. प्रत्येक खेपेला तिची आणि सोबतच्याची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, घरी जनावरं आणि पोरं कुणाकडे तरी सोपवावी लागतात. तिसऱ्या खेपेला ती येत नाही. आपल्या नोंदवहीत मग ‘रुग्ण परत आली नाही’ असं लिहिलं जातं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे उपचारांचं मोठं ओझं उतरलं आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. संरक्षणाची मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली आणि ती राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, हा फार मोठा बदल. पण निदान पक्कं होण्याआधीच्या बाह्यरुग्ण तपासण्या आणि प्रवास बहुतेक वेळा तिच्याच खिशातून होतो, आणि गरीब बाई नेमकी तिथेच थांबते. शिवाय कागद. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, कार्ड अजून एकत्र कुटुंबाचं आणि दिराच्या ताब्यात. रुग्णालयात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र तरी काय करणार? गाठ सापडली त्याच दिवशी कागद तपासायला घ्या. नाव दुरुस्त व्हायला आणि बायोप्सीचा रिपोर्ट यायला साधारण सारखेच दिवस लागतात, दोन्ही बरोबर चालू द्या.

तुम्ही मराठवाड्यातल्या आहात म्हणून ऊसतोडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, पलीकडे कर्नाटक. मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. आणि आपली शिबिरं? बहुतेक हिवाळ्यात, निधी संपवायच्या घाईत फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्या वयाच्या बायका तपासायच्या, त्या तेव्हा फडात मोळ्या बांधत असतात. कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीवर, न्हाणीघर नाही, आडोशाला पहाटेच्या अंधारात चार तांबे अंगावर घ्यायचे. स्वतःच्या छातीकडे बघायला उजेड नसतो, आरसा तर दूरच. गाठ लागली तरी उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. एका बाईचा दवाखाना म्हणजे दोघांचा दिवस गेला. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. या बाईला ‘जागरूकता’ शिकवून काय बदलणार? तिच्यासाठी तपासणी पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या काळात झाली पाहिजे, आणि गाठ सापडली तर टोळी निघायच्या आत बायोप्सी. टोळी नेणाऱ्या मुकादमाला या बोलण्यात घ्या. अनेकांना ते आवडत नाही, पण उचलीचा हिशोब त्याच्याच वहीत असतो. रजा तोच देऊ शकतो, किंवा अडवूही शकतो. ज्या कारखान्याच्या हद्दीत ती जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन नंबर तिच्या कागदावर लिहून द्या.

हे सगळं आपल्याच राज्यात करून पाहिलेलं आहे, म्हणून मी निराश नाही. टाटा मेमोरियलने १९९८ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित प्राथमिक आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले, अशा चार फेऱ्या केल्या, आणि मग वर्षानुवर्षं पाठपुरावा ठेवला. निकाल २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्ण ३७ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूदर १५ टक्क्यांनी कमी दिसला, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, आणि ते पक्कं ठरलं. हे मॅमोग्राफीशिवाय, डॉक्टरांशिवाय, सेविकांच्या बोटांनी झालं. पण त्या सेविकांच्या पाठीशी टाटाचं परळचं रुग्णालय होतं. गाठ सापडलेली बाई कुठे पाठवायची आणि तिथे तिला कोण भेटणार हे आधीच ठरलेलं होतं. आपल्या शिबिरांमध्ये नेमकं तेच ठरलेलं नसतं.

बार्शीचं उदाहरण त्याआधीचं. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव नुसत्या नोंदी घ्यायला गेले नाहीत, त्यांनी लोकांशी बोलून लक्षणं सांगितली आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या रुग्णालयापर्यंत पोचवलं. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. स्तनाला हे आणखी लागू पडतं, कारण स्तनातली गाठ तर हाताला लागते.

म्हणून मॅमोग्राफीच्या गाडीची वाट बघत थांबू नका. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी दशकभर आधीच्या वयात दिसतो, तरुण स्तनाच्या दाट ऊतीत मॅमोग्राफी कमी पडते, आणि गाडी निघून गेल्यावर संशयित फिल्मचं पुढे काय हा प्रश्न उरतोच. सोनोग्राफी यंत्र शिबिरात नेणं गर्भलिंगनिदान कायद्याच्या नियमांमुळे सोपं नाही, तेव्हा बाईलाच यंत्रापर्यंत नेण्याची व्यवस्था करावी लागते. आणि दर महिन्याला अमुक पद्धतीने स्वतःची तपासणी करा, असा क्लास घेण्यातही वेळ घालवू नका. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर हा प्रयोग झाला, निकाल २००२ मध्ये आले: ठरावीक स्वपरीक्षण शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत, विनाकारण बायोप्स्या मात्र वाढल्या. आपली छाती नेहमी कशी असते हे बाईला ठाऊक असावं, आणि टणक गाठ, खळी पडलेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त, बरा न होणारा चट्टा, काखेतली गाठ यांपैकी काही दिसलं तर कुणाकडे जायचं हे ठाऊक असावं. इतकं पुरे.

तुम्ही स्वतः काय करू शकता? उपकेंद्रात एक खोली, आतून लागणारी कडी, खिडकीला जाड पडदा. बाई बसलेली आणि आडवी, दोन्ही प्रकारे तपासा. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, तळव्याने नाही, गळपट्टीच्या हाडापासून ब्लाउजच्या खालच्या काठापर्यंत आणि मग काख. घाई करू नका. शंका आली तर लहान-मोठी ठरवत बसू नका, पुढे पाठवा. पाठवलेल्या दहांपैकी बऱ्याच जणींची गाठ साधी निघेल, आणि ते सांगायला त्या हसत परत येतील. ती पाठवणी फुकट गेली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

जिल्हा रुग्णालयातल्या सर्जनशी बोलून आठवड्यातला एक वार ठरवून घ्या. त्याच दिवशी हाताने तपासणी, सोनोग्राफी आणि ट्रूकट (जाड सुईची) बायोप्सी. जागा बधिर करून बायोप्सीला पाव तास लागतो, ‘टक्’ असा आवाज होतो, दोऱ्यासारखे चार-पाच तुकडे निघतात, बाई त्याच एसटीने घरी जाते. आवाजाची कल्पना आधी द्या, नाहीतर ती दचकते. अनेक जिल्ह्यांत हे सगळं सामान आणि माणसं आहेतच, वार एक नाही एवढंच. तुम्ही एकट्याने मागितलंत तर कदाचित होणार नाही. तालुक्यातल्या सगळ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी मिळून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागा.

आणि नोंदवही. ‘शिबिरात तपासलेल्या महिला’ या आकड्याने काही कळत नाही. प्रत्येक गाठीपुढे चार तारखा लिहा: तिने पहिल्यांदा सांगितलं ती, बायोप्सी झाली ती, रिपोर्ट तिच्या हातात पडला ती, उपचार सुरू झाला ती. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कर्करोगासाठी पहिल्यांदा दाखवल्यापासून निदानापर्यंत जास्तीत जास्त साठ दिवसांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. तुमच्या हद्दीत ते किती पडतात ते या चार रकान्यांतून दिसेल. बाईचा फोन बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, म्हणून दुसरा नंबर घ्या, बहिणीचा किंवा माहेरचा. दर सोमवारी वही उघडा. ज्या बाईचा बायोप्सीचा रकाना दोन आठवडे रिकामा आहे, तिच्या घरी त्याच दिवशी आशाताईंना पाठवा, आणि ती का आली नाही ते पाचव्या रकान्यात तिच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढच्या मासिक बैठकीत वरिष्ठांसमोर तो पाचवा रकाना वाचा.